पाणी न मागणारी बॅटरी

इन्व्हर्टरच्या शिशाच्या बॅटरीत मधूनमधून डिस्टिल्ड वॉटर का घालायचं, हे मी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. चार्जिंगच्या वेळी पाण्याचं विघटन होतं, वायू उडून जातो, पातळी उतरते. पण खर्च होणारं ते पाणी नेमकं कोणतं काम करून जातं, हे लिथियमच्या बॅटऱ्या हाताने बांधायला लागल्यावर मनात ठसलं. 12 व्होल्टच्या बॅटरीत शिशाचे सहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात. त्यातला एखादा आधी भरला, तर जादा करंट तो पाणी फोडण्यात घालवतो आणि तेवढ्या वेळात मागे राहिलेले सेल भरून घेतात. सेलांमधला समतोल ही बॅटरी स्वतःच राखते. गास्तों प्लांते यांनी 1859 मध्ये बनवलेली ही वस्तू आजही घराघरांत आहे, त्याला हा सोशिकपणाही कारण आहे.

लिथियमच्या सेलमध्ये फोडायला पाणीच नाही. तो भरल्यावरही करंट ढकलत राहिलं तर सेलच बिघडतो. म्हणून शिसं जे काम आपलं आपण करत होतं, ते इथे बांधणाऱ्याला करावं लागतं. घरी बॅटरी बांधण्याचं सगळं कसब मला यातच दिसतं.

घरासाठी मी फक्त लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल वापरतो. पाधी आणि गुडइनफ यांनी टेक्सास विद्यापीठातून 1997 मध्ये या पदार्थावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढे 2019 मध्ये लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी नोबेल मिळालेल्या तिघांत गुडइनफ होते. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे सेल तापला तरी आग भडकण्याची शक्यता इतर लिथियम सेलांपेक्षा बरीच कमी. जुन्या लॅपटॉपचे किंवा स्कूटरचे सेल गोळा करून कोणी घरात बॅटरी बांधायला सांगितली, तर मी सरळ नकार देतो.

शिशाच्या 150 अँपिअर-तासांच्या ट्युब्युलर बॅटरीच्या जागी लिथियमचे 100 चे चार सेल बसतात, हे ऐकून लोकांना वाटतं माल कमी दिला. हिशेब साधा आहे. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे 1800 वॉट-तासांपैकी हक्काचे 900. लिथियमच्या 1280 मधले हजारभर निर्धास्त वापरता येतात. शिवाय दोन माणसांनी उचलायच्या त्या धुडाच्या जागी एका हाताने उचलता येईल अशी पेटी येते.

खरं काम सुरू होतं ते सेल हातात आल्यावर. मल्टिमीटर लावला की चारही सेल 3.30 व्होल्ट दाखवतात आणि नवखा माणूस खूश होतो. हा आकडा फसवा आहे. या सेलचा व्होल्टेज मधल्या सगळ्या टप्प्यात जवळजवळ हलतच नाही. एक सेल 50 टक्के भरलेला आणि दुसरा 65 टक्के असला तरी मीटरला फारसा फरक कळत नाही. फरक उघडा पडतो तो अगदी वरच्या टोकाला. म्हणून मी चारही सेल आधी समांतर जोडतो, पॉवर सप्लाय 3.65 व्होल्टवर बांधून घेतो, आणि करंट उतरत उतरत नगण्य होईपर्यंत थांबतो. याला दिवस-दोन दिवस जातात. घाई करणारे ही पायरी गाळतात आणि बीएमएस, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, सांभाळून घेईल म्हणतात. बीएमएस प्रत्येक सेलवर लक्ष ठेवतो, वेळ आली की सर्किट तोडतो. पण बहुतेकांची समतोल साधण्याची ताकद मिलिअँपिअरमध्ये मोजण्याइतकीच. 15 अँपिअर-तासांचा फरक तो कधी भरून काढणार? तोवर एक सेल रोज आधी भरेल, चार्जिंग तिथेच तुटेल आणि बाकीचे तिघे उपाशी राहतील.

मग सेल एकापुढे एक जोडतानाचे सांधे. सेलचे टर्मिनल ॲल्युमिनियमचे असतात आणि उघड्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच धरतो. बारीक पॉलिश पेपरने घासायचं आणि त्याच दमात बसबार, म्हणजे दोन सेल जोडणारी धातूची पट्टी, बसवायचा. सहाशे वॉटचा लोड असला की पन्नासेक अँपिअर वाहतात. सांध्यात एक मिलिओहम जरी अडथळा असला तरी तिथे अडीच वॉट उष्णता सतत निघत राहते. म्हणून लोड चालू ठेवून मी प्रत्येक सांध्यावर मिलिव्होल्ट मोजतो. शेजारच्या सांध्यापेक्षा आकडा जास्त दिसला की लोड बंद, नट उघडायचा, पुन्हा घासायचं. पान्ह्याने जोर लावून मात्र पाहू नये. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की सेल वाया. निळ्या प्लास्टिकखालचं कवचही धातूचं, म्हणून दोन सेलांमध्ये इन्सुलेशनची शीट हवीच.

काम करताना अंगठी, घड्याळ काढून ठेवायचं आणि पान्ह्याला टेप गुंडाळायचा. या चार सेलांचा अंतर्गत अडथळा इतका कमी असतो की शॉर्ट झाला तर हजारो अँपिअर सुटतात. गाडीतला साधा फ्यूज एवढ्या करंटपुढे वितळूनही ठिणगीची कमान धरून ठेवू शकतो. पॉझिटिव्हला लागूनच एवढा करंट तोडू शकणारा क्लास टी फ्यूज, यात मी कोणाची काटकसर चालू देत नाही.

शेवटी इन्व्हर्टर. ट्युब्युलरचं सेटिंग चार्जिंग 14.4 व्होल्टपर्यंत नेतं, काही त्याहून पुढेही. लिथियमला 13.8 ते 14 पुरे. टोकापर्यंत न भरल्याने सेल जास्त वर्षं टिकतात. ज्या इन्व्हर्टरमध्ये ही मर्यादा बदलता येत नाही, त्याला ही बॅटरी जोडू नये. आणि व्होल्टेजवर चालणारा चार्जचा दर्शक इथे निरुपयोगी ठरतो, म्हणून आत-बाहेर गेलेला करंट मोजणारा शंट बसवावा.

राहिली काढलेली जुनी बॅटरी. तिच्यातलं शिसं वितळवून पुन्हा नवी बॅटरी होते, पण उघड्यावर फोडली तर तेच शिसं आणि ॲसिड मातीत, विहिरीत उतरतं. चार पैसे जास्त देणाऱ्या दारावरच्या भंगारवाल्याला ती देऊ नका. बॅटरीच्या अधिकृत विक्रेत्याकडे परत करा आणि पावती मागून घ्या.