रातांब्याच्या अंगणात

रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागले, की आमराया सुरू होतात. मे महिन्याच्या अखेरीस हापूसची धांदल ओसरलेली असते आणि अंगणांत लाल रंग पसरू लागतो. तो रंग रातांब्यांचा. पावसजवळच्या एका घरी या दिवसांत माझे दर वर्षी जाणे होते. त्या घरच्या ऐंशी वर्षांच्या आजी माझ्या रुग्ण आहेत. मधुमेह आणि रक्तदाब, दोन्ही विकार जुने.

सकाळपासून सारे घर कामाला लागलेले असते. मुलगा झाडांवरून फळे उतरवतो. सून ती धुऊन, पुसून फोडते आणि बिया व गर वेगळे काढते. सालींच्या वाट्यांत साखर भरून त्या बरणीत थरावर थर रचायच्या, तोंडाला स्वच्छ फडके बांधून बरणी उन्हात ठेवायची आणि रोज हलवायची. आठवडाभरात साखर विरघळते, सालींचा रंग आणि आंबटपणा तिच्यात उतरतो. हेच अमृतकोकम. यासाठी चूल पेटत नाही. सारे काम ऊन करते. काही साली खारवलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवल्या, की त्यांची आमसुले होतात. मीठ घालून टिकवलेला रस म्हणजे आगळ.

या उद्योगाचा वैरी एकच, तो म्हणजे लवकर आलेला पाऊस. झाडावरची फळे नासतात आणि बरण्यांना ऊन मिळत नाही. म्हणूनच दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने पावसाआधी तयार होणारी ‘कोकण अमृता’ ही जात विकसित केली.

गेल्या उन्हाळ्यात आजींची रक्तशर्करा एकाएकी वाढली. गोळ्या नियमित होत्या, जेवणही मोजके होते. चौकशीअंती कळले, की रोज दुपारी दोन पेले अमृतकोकम घेतले जात होते. “घरचं आहे, आपल्या झाडाचं आहे. ते कसं बाधेल, डॉक्टर?” आजींनी विचारले.

प्रश्न साधा होता; उत्तर बरणीतच होते. या घरी एक किलो सालींना दोन किलो साखर घालतात. अशा पाकाच्या वजनात सुमारे दोन-तृतीयांश साखर असते. म्हणजे 30 मिलिलिटर पाकात सुमारे 25 ग्रॅम, चहाचे पाच चमचे! आगळाची गोष्ट मिठाची. लिटरमागे 150 ग्रॅम मीठ असेल, तर 30 मिलिलिटर आगळातून साडेचार ग्रॅम मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. रक्तदाबाच्या व हृदयविकाराच्या रुग्णांनी हा हिशेब विसरू नये.

तरीही, ज्यांनी या घराला अमृतकोकम करायला शिकवले, त्यांच्याच हातातला पेला काढून घेणे मला जड गेले. शिवाय उतारवयात तहान कमी लागते. उन्हाळ्यात पेयच बंद केले, तर शरीरातील पाणी कमी होण्याचा धोका असतो. म्हणून आम्ही दुसरा मार्ग काढला. तीन-चार आमसुले धुऊन तासभर पाण्यात भिजवायची, पाणी गाळून त्यात जिरेपूड घालायची. साखर नाही, वेगळे मीठही नाही. पहिल्या घोटाला आजींनी तोंड वाकडे केले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच त्यात ठेचलेले आले घातले आणि सरबत आपलेसे केले. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून सांगितले आहे, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे.

अमृतकोकमाची बाटली घरातून हद्दपार करू नये. इन्सुलिन किंवा गोळ्यांमुळे साखर फार उतरून घाम, थरथर, घाबरेपणा जाणवू लागला, तर मोठा चमचाभर पाक थोड्या पाण्यातून द्यावा आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. रुग्ण शुद्धीवर नसेल, तर तोंडावाटे काहीही न देता तत्काळ रुग्णालय गाठावे.

यंदाही अंगणात बरण्या मांडल्या आहेत. त्यांची चव पाहण्याचा मान अजून आजींचाच आहे. एक लहान चमचा, तोही जेवणाबरोबर.