सीनायहून वहिनीला

सेंट कॅथरीन, सीनाय
रात्री

प्रिय वहिनी,


पहाटे कैरो सोडलं. सुएझ कालव्याखालच्या अहमद हमदी बोगद्यातून इकडे आलो आणि मग दुपारपर्यंत उजव्या हाताला आखाताचं निळं पाणी, डावीकडे उजाड डोंगर. नंतर गाडी आत वळली आणि वादी फिरान लागली. वादी म्हणजे कोरडं नदीपात्र. दोन्ही बाजूंना लालसर ग्रॅनाइटचे कडे, कुठे गवताचं पातं नाही, आणि अचानक खजुरीची लांबच लांब बाग! जुन्या काळापासून ख्रिस्ती यात्रेकरू या जागेला रफीदीम मानत आले आहेत. चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची बाई या बाजूने सीनायला आली होती. तिनेही या प्रवासाविषयी आपल्याकडच्या भगिनींना लिहिलं. आज तिची फार आठवण झाली.

खजुरीच्या सावलीत पाळकसाहेबांनी निर्गमाचा सतरावा अध्याय वाचला. खाली यहोशवा अमालेक्यांशी लढतोय, वर टेकडीवर मोशे हात उंच करून उभा आहे. हात वर असले की इस्राएलाची सरशी, खाली आले की अमालेक्यांची. मोशे ऐंशीच्या घरातला. त्याचे हात जड झाले.

वहिनी, हा भाग मी लहानपणापासून ऐकलाय, पण समोर ती टेकडी असताना ऐकणं वेगळं. मोशेच्या हातांत एकाएकी बळ आलं, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. ज्या देवाने समुद्र दुभंगला, त्याला दोन म्हाताऱ्या हातांत शक्ती घालणं काय अवघड होतं? पण तसं झालं नाही. अहरोन आणि हूर यांनी एक धोंडा आणून त्याला बसायला दिला. मग एकाने हा हात धरला, दुसऱ्याने तो, आणि सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवला. लढाई देवाने जिंकून दिली, यात मला तिळमात्र शंका नाही. त्याची शक्ती त्या दिवशी धोंड्यातून आणि त्या दोघांच्या हातांतून आली. आणि मोशे बसला. देवाचा एवढा मोठा सेवक, पण ‘नको, मी उभाच राहतो’ असं म्हणाला नाही.

मला लगेच तू दिसलीस. आईला रात्री दर दोन तासांनी कुशीवर वळवणारी, चमच्याने पेज भरवणारी, आणि कोणी विचारलं की ‘प्रभू शक्ती देतो, काही कमी नाही’ म्हणणारी.

उद्या मठ पाहायचा आहे. आईला माझा सलाम सांग. ती बोलत नसली तरी तिला ऐकू येतं.


सेंट कॅथरीन
दुसऱ्या दिवशी संध्याकाळी

प्रिय वहिनी,
मठ पाहिला. सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाने बांधून घेतला, तेव्हापासून इथली उपासना चालूच आहे. तटबंदी एखाद्या किल्ल्याला शोभेल अशी. आत ते झुडूप आहे, ज्याला जळतं झुडूप मानतात. गर्दी फार होती, जवळ थांबता आलं नाही.

त्यापेक्षा मी विहिरीपाशी जास्त वेळ उभी राहिले. मोशेला इथ्रोच्या मुली भेटल्या ती हीच विहीर, अशी इथली परंपरा. पुढे हाच इथ्रो जावयाला भेटायला देवाच्या डोंगरापाशी आला, ते निर्गमाच्या अठराव्या अध्यायात आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोशे एकटा लोकांचे तंटे सोडवत बसलेला त्याने पाहिला आणि स्पष्ट सांगितलं की हे तू बरं करत नाहीस, तूही झिजशील आणि लोकही झिजतील, ओझं वाटून दे. इथ्रो मिद्यानी याजक, परक्या लोकांतला, तरी मोशेने त्याचं ऐकलं. माणसं नेमली: हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर. मला हे फार मोठं वाटतं. ज्याच्याशी देव समोरासमोर बोलत असे, त्याला विसावा कसा घ्यावा हे मात्र सासऱ्याच्या तोंडून कळलं.

तुझ्या स्वयंपाकघरात यशयाच्या चाळिसाव्या अध्यायातलं गरुडाच्या पंखांचं वचन टांगलेलं आहे. तेही मी आज खोलीत पुन्हा वाचलं. ते एकट्यादुकट्याला सांगितलेलं नाही. बाबेलच्या बंदिवासात पिचलेल्या सगळ्या लोकांना मिळून सांगितलेलं सांत्वन आहे ते. आपण मात्र ते एकेकट्या भिंतीवर लावतो.

रात्री एकला उठून डोंगर चढायचा आहे. गुडघे कुरकुरताहेत. प्रार्थना कर.


सेंट कॅथरीन
दुपारी, डोंगरावरून उतरल्यावर

प्रिय वहिनी,
जाऊन आले! जबल मूसा २,२८५ मीटर उंच आहे. उंटांची वाट एकोणिसाव्या शतकात झाली, ती त्यातल्या त्यात सोपी. पण शेवटच्या साडेसातशे पायऱ्या सगळ्यांनाच चढाव्या लागतात. त्या पायऱ्या नावालाच, नुसते रचलेले धोंडे. अंधार, बोचरं वारं आणि विरळ हवा. आमचा वाटाड्या जबलिया टोळीतला बेदुइन मुलगा होता. जस्टिनियनने मठाच्या राखणीला आणलेल्या माणसांचे आपण वंशज, असं ही टोळी मानते. त्याला माझी भाषा येईना, मला त्याची. त्याने नुसता हात पुढे केला आणि मी धरला. माथ्यावरचा सूर्योदय सुंदर होता. त्याचे फोटो दादाला पाठवले आहेत.

मला सांगायचंय ते उतरतानाचं. जुन्या पायऱ्यांच्या वाटेवर, माथ्याच्या खाली, एक खोलगट सपाट जागा आहे. तिला एलीयाचं नाव आहे. तिथे एक फार जुना सुरू आणि एलीयाच्या नावाचं छोटं देऊळ आहे. ईजबेल राणीला भिऊन पळालेला एलीया इथे, होरेबावर, पोचला असं मानतात. मी त्या सुरूखाली बसून राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढला.

एलीयाने आपल्या चाकराला बैर-शेबात मागे ठेवलं आणि तो एकटा रानात शिरला. दिवसभर चालून रतामाच्या झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. कर्मेलावर स्वर्गातून अग्नी उतरलेला पाहिलेला हा माणूस! रतामाची झुडपं इथल्या कोरड्या पात्रांत अजून दिसतात, काटकुळी, विरळ सावलीची. तिथे तो झोपला. देवदूत त्याला रागावला नाही. तुझा विश्वास कुठे गेला, असं विचारलं नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याची सुरई दिली. एलीयाने खाल्लं आणि तो पुन्हा झोपला, आणि देवदूताने त्याला झोपू दिलं! दुसऱ्यांदा उठवलं तेही जेवायलाच. वाट तुला झेपण्यापलीकडची आहे, हे देवदूतानेच कबूल केलं. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस नि चाळीस रात्री चालून इथवर आला.

थकणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं आपल्या मंडळीत काही जण बोलतात. वहिनी, त्यांचं ऐकू नकोस. मला ते चुकीचं तर वाटतंच, पण क्रूरही वाटतं. प्रभू स्वतः शमरोनातल्या विहिरीवर थकून बसला आणि त्याने एका परक्या बाईकडे पाणी मागितलं.

इथे एलीया दोनदा म्हणतो की मी एकटाच उरलो. देवाने त्याला सांगितलं, अजून सात हजार उरले आहेत. आणि अलीशाला त्याच्या हाताखाली दिलं. नांगर सोडून आलेला तो तरुण एलीयाची सेवा करत शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहिला.

आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाई आठव. १९२१ मध्ये त्यांची मुलगी मनोरमा गेली, तिच्यावर सगळी भिस्त होती. स्वतः रमाबाईंना ऐकू येत नव्हतं, प्रकृती ढासळलेली. तरी पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम १९२२ मधल्या त्यांच्या मृत्यूपर्यंत चाललं. आपण म्हणतो, केवढी शक्ती दिली देवाने! खरंच दिली. पण छापखान्यात खिळे जुळवायला, छापायला त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या मुली होत्या. दुष्काळातून आणलेल्या मुलींनाही रमाबाईंनी तिथे हाताला काम शिकवलं होतं. ती शक्ती त्या हातांतूनही आली.

भगिनी मंडळातल्या दोघी आठवड्यातून दोन दुपारी आईजवळ बसायला तयार आहेत. तू त्यांना दोनदा नको म्हणालीस. आता त्यांना मी इथूनच फोन केला, मंगळवारपासून त्या येतील. आईच्या औषधांच्या वेळा कागदावर लिहून कपाटाला चिकटव. तिला पेज पातळ लागते, उशी उजवीकडे जरा उंच लागते, हे त्यांना सांग. मग आतल्या खोलीचं दार लावून झोप, स्वयंपाकाला लागू नकोस. दोघींपैकी एक जण डबा आणणार आहे. शनिवार-रविवारच्या रात्री आईला वळवायचं काम दादाचं, हे त्याला मी वेगळं लिहिलंय आणि त्याने होकार कळवला आहे.

तुझी
धाकटी नणंद