परक्या वेलीचं घर

गॉटहार्डचा ५७ किलोमीटरचा बोगदा संपला की स्वित्झर्लंडची भाषाच बदलते. स्टेशनांवरच्या पाट्या इटालियन होतात, ऊन पिवळंजर्द होतं, तळ्याकाठी ताडाची झाडं दिसू लागतात. हा तिचिनो प्रांत. इथल्या डोंगरउतारांवर दगडी खांबांवर चढवलेल्या द्राक्षवेली दिसतात, आणि त्यातल्या बहुतेक एकाच जातीच्या असतात, मर्लोच्या.

ही वेल मूळची इथली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फायलोक्सेरा नावाच्या किडीनं आणि बुरशीजन्य रोगांनी तिचिनोतल्या जुन्या बागा पार खाऊन टाकल्या. प्रांत गरीब होता. त्याच शतकात इथली तरणी माणसं पोट भरायला कॅलिफोर्निया-ऑस्ट्रेलियापर्यंत गेली होती. अशा उजाड मातीत काय जगेल याचा शोध विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्देरिजे फांतुत्सी या कृषितज्ज्ञानं घेतला, आणि फ्रान्सच्या बोर्दो भागातली मर्लो इथे आली. माणसं बाहेर जात होती त्या गावांत एक वेल राहायला आली. आज तिचिनोच्या दर पाच द्राक्षवेलींमागे चार तरी तिच्याच आहेत.

राहणं सोपं नव्हतं. ऊन भरपूर, पण पाऊसही तसाच धो धो, आणि उन्हाळ्यात गारपीट. म्हणून कित्येक बागांवर जाळ्या ताणलेल्या असतात. मोंते चेनेरी या डोंगरानं प्रांताचे दोन भाग पाडलेत. उत्तरेकडे ग्रॅनाइटची वाळूमिश्रित माती, तिथली वाइन हलकी, पटकन खुलणारी. दक्षिणेला मेंद्रिसिओच्या बाजूला चुनखडी आणि चिकणमाती, तिथली भरदार. नव्या ओक पिंपात मुरवलेल्या महागड्या बाटल्याही निघतात. मला मात्र साधी मर्लोच अधिक प्रामाणिक वाटते. चेरी आणि आलुबुखाराचा वास, जिभेवर किंचित तुरटपणा, आणि घोट उतरल्यावर पुन्हा भूक लागावी असा आंबटपणा.

तो आंबटपणा कशासाठी आहे हे ग्रोत्तोत कळतं. डोंगरातून कोसळलेल्या शिळांच्या फटींतून भर उन्हाळ्यातही गार हवा येते. त्या फटींच्या तोंडाशी लोकांनी कोठारं बांधली. त्यांत वाइन, चीज, सॉसेज टिकायचं. पुढे त्यांच्याच खानावळी झाल्या, त्याच ग्रोत्तो. चेस्टनटच्या सावलीत दगडी टेबलं, आणि वाइन बोक्कालिनो नावाच्या रंगीत मातीच्या छोट्या मोग्यातून.

पानात येते पोलेंता. तांब्याच्या काळ्या पडलेल्या कढईत, लाकडाच्या आचेवर, मक्याचं पीठ लाकडी दांड्यानं सतत घोटत राहायचं. हात दुखतो, पण थांबलं की करपलं. तिच्या शेजारी ब्राझातो: बैलाचं मांस मर्लोतच तासन् तास मंद शिजवलेलं, सुरीऐवजी काट्यानं सुटणारं. जी वाइन भांड्यात तीच पेल्यात, त्यामुळे रस्सा आणि घोट एकमेकांना ओळखतात. मांसातली चरबी वाइनचा तुरटपणा मऊ करते, वाइनचा आंबटपणा ती चरबी धुऊन काढतो, आणि मधे पोलेंता दोघांना सांभाळून घेते. सशाचं मांस, लुगानिगा नावाचं डुकराचं सॉसेज आणि रिसोत्तो, पिओरासारखं उंच कुरणांवरचं मुरलेलं चीज, सगळ्यांशी मर्लोचं जमतं. तळ्यातल्या माशाबरोबर मात्र पांढरी मर्लो मागवावी. साली रंग सोडण्याआधीच रस काढून ती करतात.

या पानात मला सर्वांत जास्त भावतं ते हे, की मका अमेरिकेतून आलेला आणि द्राक्ष बोर्दोचं. तरी याला तिचिनोचं जेवण म्हणायला कुणी कचरत नाही. आपल्या ठेच्यातली मिरचीही अशीच समुद्रापलीकडून आली आणि घरची झाली. फक्त मर्लो आणि मिरची या दोन घरच्यांची सोयरीक करू नये. तिखटानं जीभ पोळलेली असताना वाइनमधला अल्कोहोल आणखी भाजतो, तुरटपणा कडवट लागतो. झणझणीत रश्श्याला आपली सोलकढी आहेच.

स्विस वाइन देशाबाहेर जवळजवळ जातच नाही. शंभरातल्या जेमतेम एक-दोन बाटल्या सीमा ओलांडतात, बाकीच्या तिथेच रिचतात. तेव्हा ही वाइन मुंबई-पुण्याच्या दुकानांत शोधत बसू नका. कधी स्वित्झर्लंडला गेलात तर बर्फाची शिखरं बघून परत फिरू नका. एक दिवस तिचिनोसाठी ठेवा. बहुतेक ग्रोत्तो वसंतापासून शरदापर्यंतच उघडे असतात, त्या बेतानं जा, आणि मर्लोबरोबर पोलेंता-ब्राझातोच मागवा.