तीन पिंपें

घोड्याला पळावयास शिकवावें लागत नाहीं, ही साधी गोष्ट कळावयास आम्हांस वयाचीं ६८ वर्षें आणि टेक्सासचा प्रवास खर्ची घालावा लागला. मुलीकडे चार महिने मुक्काम होता. चौदा वर्षांची नात पिंपांच्या शर्यतीच्या नादीं लागलेली. त्रिकोणांत तीन पिंपें मांडावयाचीं; पहिल्या दोहोंमध्यें ९० फूट, तिसरें त्या दोहोंपासून १०५ फुटांवर. एकाला उजवें व दोहोंना डावें वळण घालून घोड्यानें परत सुटावें. निष्णात जोडी हें सारें १७ सेकंदांच्या आसपास उरकते आणि पिंप पडल्यास दंड ५ सेकंदांचा! १९४८ सालीं सॅन अँजेलो येथें ३८ स्त्रियांनीं आपली स्वतंत्र संघटना स्थापिली, तेव्हांपासून हा खेळ तिकडे विशेषेंकरून स्त्रियांचाच झाला आहे.

वारींतल्या अश्वरिंगणाची चौखूर दौड पाहिलेले आम्ही मोठ्या अपेक्षेनें कठड्याशीं खुर्ची टाकून बसलों. पाहतों तों घोडी नुसती चालते आहे! पिंपाच्या अलीकडे थांबावयाचें, दोन पावलें मागें घ्यावयाचें, मान किंचित् आंत वळवून पिंपापासून हातभर जागा राखीत फिरावयाचें. स्वारानें पिंपाकडे पाहावयाचें नाहीं. नजर तेथें गेली कीं घोडाही तेथेंच जातो. आठवडाभर चाल, मग दुडकी, पुन्हां चाल.

"अग, ही पळायची केव्हां?" आम्हीं विचारलें.

"आजोबा, पळायला तिला येतंच. थांबायला आणि वळायला शिकवायचं आहे."

आम्हीं छत्तीस वर्षें मास्तरकी केली. हातांत घड्याळ धरून पोरांकडून पाढे वदवून घेतले. तो हात स्वस्थ कसा बसावा? एके सायंकाळीं तिचे शिक्षक आले नव्हते. आम्हीं घड्याळ काढलें आणि म्हटलें, "एकदां तरी पळव." ती आमच्याखातर तीन वेळां पळाली. तिसऱ्या खेपेस घोडी वळणाच्या आधींच आंत घुसली. पिंप कलंडलें आणि पोरीचा गुडघा सोलून निघाला. ती रडली नाहीं. दुसऱ्या दिवशीं मात्र घोडी फाटकाशींच घामाघूम होऊन नाचूं लागली. आंत पाऊल घालीना. तेव्हां पोर रडली.

शिक्षकांनीं कोणासही दोष दिला नाहीं. पिंपें तेवढीं उचलून ठेवविलीं. १९८५ सालीं लास व्हेगसच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेंत शार्मेन जेम्स यांच्या स्कॅम्पर घोड्याचा लगाम ऐन धांवेंत निखळला, तरी त्यानें तीनही वळणें बिनचूक घेऊन ती फेरी जिंकली, ही हकीकत त्यांनीं आम्हांस त्या दिवशीं सांगितली. कां सांगितली तें आम्ही समजलों.

पुढें तीन आठवडे घोडी माळावर नुसती हिंडली. आम्ही कधीं दोर धरून बरोबर चालत असूं. निघण्याच्या आदल्या दिवशीं पिंपें पुन्हां मांडलीं. फाटकाशीं घोडी क्षणभर थबकली, मग ढिल्या लगामानें आंत गेली आणि चालत चालत तिन्ही पिंपें फिरून आली.

"किती वेळ लागला, आजोबा?" नातीनें मिस्किलपणें विचारलें.

घड्याळ आम्हीं घरींच ठेविलें होतें.