तिसऱ्या क्रमांकाची नळी

मोटार एका दिवसात जुनी होत नाही. प्रथम तिचा रंग उडतो, मग दारांचे रबर आकसते, पावसाळ्यात पायाखालचा पत्रा ओला राहू लागतो. मालक हे सारे सहन करतो, कारण ते दुरुस्त होण्यासारखे असते. मोटार खरोखरीच जुनी झाल्याची जाणीव त्याला होते ती सुट्या भागांच्या दुकानात. हातातला भाग उलटसुलट करून पाहत दुकानदार म्हणतो, "याचा माल आता येत नाही." ज्यांच्या घरी जुना ट्रॅक्टर, विहिरीवरचे डिझेल इंजिन किंवा मासेमारीची बोट आहे, त्या आपल्या सर्व कुटुंबांना हे वाक्य परिचयाचे असेल.

आमच्या धर्मग्रामाच्या मालकीची एक डिझेल ॲम्बॅसिडर आहे. १९९६ साली घेतलेली ही मोटार आजवर चार धर्मगुरूंनी वापरली. ज्यांना चालवत नाही अशा वृद्धांना रविवारी मिस्सेसाठी आणणे आणि रात्री-अपरात्री रुग्णांना इस्पितळात पोहोचवणे ही तिची मुख्य कामे. गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या इंजिनापाशी डिझेलचा उग्र वास येऊ लागला. तपासणीअंती असे आढळले की, पंपाकडून तिसऱ्या सिलिंडरकडे जाणाऱ्या पोलादी नळीला नटाजवळ केसाएवढी बारीक चीर पडली आहे. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी मोटार तपासणीला नेण्याची तारीख जवळ आली होती आणि डिझेल गळणारी मोटार तेथे नेण्यात अर्थ नव्हता. मोटार भंगारात द्यावी, असे धर्मग्राम-मंडळातील काहींचे मत पडले. परंतु दुसरी मोटार घ्यायची तर शाळेच्या छपरासाठी वर्षानुवर्षे जमवलेल्या निधीला हात लावावा लागला असता. वीतभर लांबीची ती नळी अशा रीतीने शाळेच्या छपराशी जोडली गेली.

ही नळी काय करते, हे समजून घेण्यासारखे आहे. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल निखाऱ्यासारखी होते, आणि त्या तापलेल्या हवेत नेमक्या क्षणी डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे असे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. मात्र त्यांच्या इंजिनात इंधन ढकलण्यासाठी दाबाखालची हवा वापरावी लागे व त्याकरिता वेगळे अवजड यंत्र लागत असे. असे इंजिन कारखान्यात शोभे, मोटारीत मावत नसे. रॉबर्ट बॉश यांनी १९२२ साली या प्रश्नाला हात घातला आणि १९२७ पासून त्यांच्या कारखान्यातून इंधनालाच दाब देणारे लहान पंप नियमितपणे बाहेर पडू लागले. १९१३ साली निधन पावलेल्या डिझेल यांना ते पाहता आले नाहीत. आपल्याकडे १९५१ साली 'मायको' ही कंपनी निघाली, बंगळूरला आणि पुढे नाशिकलाही तिचे कारखाने झाले. २००८ साली तिचे नाव बदलले, तरी जुन्या फिटरच्या तोंडी पंप आणि नोझल म्हणजे अजूनही मायकोच.

पंप आणि नोझल यांना जोडणारी ही नळी बाहेरून जेमतेम ६ मिलिमीटर जाडीची असते, आणि आतले छिद्र २ मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. म्हणजे तिच्यात पोकळीपेक्षा पोलादच अधिक. मोटारीच्या टायरमध्ये साधारण २ बार दाबाची हवा असते. आमच्या जुन्या इंजिनाच्या नळीतून १०० बारहून अधिक दाबाचे डिझेल मिनिटाला शेकडो वेळा धक्क्याधक्क्याने जाते. सांध्याचे काठोकाठ जोडकाम येथे टिकत नाही, म्हणून ही नळी बिनजोड पोलादाचीच लागते.

तिचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. चारही सिलिंडर पंपापासून वेगवेगळ्या अंतरावर असतात, तरीही चारही नळ्यांची लांबी सारखी ठेवलेली असते. जवळच्या सिलिंडरची नळी मुद्दाम वळसे देऊन नेलेली असते. पंपाने दिलेला धक्का डिझेलमधून सेकंदाला सुमारे १,४०० मीटर वेगाने पुढे जातो. एक नळी केवळ १० सेंटीमीटरने लांब असली तर धक्का पोहोचण्यास सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाहूनही कमी उशीर होतो. पण इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर तेवढ्यात त्याचा दांडा जवळजवळ एक अंश फिरून जातो. मग एक सिलिंडर इतर तिघांच्या तालात राहत नाही. सरळ नेता येईल अशी नळी उगाच वाकडी का केली, असे बॉनेट उघडून पाहणाऱ्याला वाटते. ते वळसे उगाच घातलेले नसतात. जवळच्यालाही लांबच्याइतकेच थांबावे लागावे, यासाठी ती योजना असते.

हे सर्व ठाऊक नसलेल्यांनी आम्हाला तीन स्वस्त उपाय सुचविले. पहिला, तांब्याची नळी बसवावी. तांबे मऊ असते. ते या धक्क्यांनी फुगते आणि फाटते. दुसरा, चिरेवर पितळेचा जोड द्यावा. त्या आचेने पोलादाचा पीळ जातो, आतल्या बाजूस पापुद्रे धरतात आणि त्यांतला एक कण सुटला तरी नोझल निकामी होते. तिसरा, दुसऱ्या कोणत्याही इंजिनाची नळी वाकवून बसवावी. त्यातील दोष वर सांगितलाच आहे. डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या रबरी नळ्या बाजारात मीटरवर मिळतात व त्या खुशाल बदलाव्यात. दाबाच्या नळीला मात्र पर्याय नाही.

याच सुमारास घडलेली एक गोष्ट वाचकांच्या हितासाठी सांगितली पाहिजे. इंजिन चालू असताना गळती नेमकी कुठे आहे हे चाचपण्यासाठी गॅरेजमधील एका तरुण मुलाने बोट पुढे केले. मिस्त्रींनी त्याचे मनगट घट्ट धरून मागे ओढले आणि म्हणाले, "अरे, बोट घालवून बसशील!" ते अक्षरशः खरे आहे. त्या बारीक चिरेतून निघणारी धार डोळ्यांना धड दिसत नाही, पण ती कातडी भेदून आत शिरते. वर टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, सुरुवातीला फारसे दुखतही नाही. काही तासांनी हात सुजतो आणि आतले मांस मरू लागते. उशीर झाला तर बोट किंवा हात कापावा लागतो. गळती शोधायची ती पुठ्ठ्याचा तुकडा धरून. आणि अशी धार लागलीच तर हळद लावून घरी न बसता तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेले इस्पितळ गाठावे. हे शेतातील पंपाला आणि बोटीच्या इंजिनालाही तितकेच लागू आहे.

शोध सुरू झाला. ॲम्बॅसिडरचे उत्पादन २०१४ साली पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे थांबले, त्यामुळे कंपनीकडून काही मिळण्याची आशा नव्हती. कुर्ल्याच्या भंगार बाजारात दोन फेऱ्या झाल्या. तेथे तिसऱ्या क्रमांकाची म्हणून दिलेली नळी पहिल्या क्रमांकाची निघाली. कोलकात्याच्या मलिक बाजारात या मोटारीचे भाग मिळतात म्हणून तेथेही फोनवर विचारणा केली. पूर्ण संच नव्हता. मग एक गोष्ट लक्षात आली. मोटारीचे नाव सांगून भाग शोधण्यापेक्षा इंजिनाचे कूळ सांगून शोधावे. ॲम्बॅसिडरचे १,४८९ घनसेंटीमीटरचे डिझेल इंजिन मूळचे इंग्लंडमधील बी.एम.सी. कंपनीच्या घराण्यातले. त्याच घराण्यातील इंजिने इंग्लंडच्या कालव्यांतून चालणाऱ्या अरुंद नावांमध्ये बसविली गेली, आणि त्या नावांसाठी त्यांचे भाग तिकडे अजूनही विकले जातात. आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाची कन्या तिकडे परिचारिका आहे. तिने आस्थेने चौकशी करून छायाचित्रे धाडली. पण तिकडच्या इंजिनावरील पंप निराळ्या बनावटीचा होता, म्हणून नळीची वळणे जुळेनात. एकाच इंजिनावर पंप बदलला की नळी बदलते, हे त्यातून शिकायला मिळाले.

मार्ग दाखविला तो आमच्या किनाऱ्यावरील एका वयोवृद्ध नाखव्यांनी. मिस्सेनंतर चर्चच्या आवारात गप्पा चालल्या असता ते म्हणाले, "फादर, आमच्या बोटीची नळी फुटली तर आम्ही दुकानात जातच नाही. पंप-नोझलवाल्याकडे जातो. तो जुनी बघून नवी करून देतो. फक्त जुनी टाकू नका."

बंदरालगतच्या त्या लहानशा कारखान्यात साठी ओलांडलेले एक कारागीर भेटले. त्यांनी प्रथम नळी मागितली नाही. "क्लॅम्प कुठे आहे?" असे विचारले. नळ्या एकमेकींना धरून ठेवणारी पत्र्याची ती पकड पूर्वीच्या एखाद्या दुरुस्तीत काढली गेली होती आणि पुन्हा बसविलीच नव्हती. आधाराविना थरथरत राहून नळी नटापाशी शिणली व चिरली. नुसती नवी नळी बसविली असती तर काही महिन्यांनी तीही त्याच जागी फुटली असती. सेमिनरीत आम्हाला कार्यावरून कारणाकडे जाण्याचा अभ्यास दिला जाई. या गृहस्थांनी तो पान्याच्या साहाय्याने केलेला पाहून मला मनापासून आदर वाटला.

त्यांनी जुन्या नळीवरून तारेने लांबी मापली, तितकी बिनजोड नळी कापली आणि कापलेल्या कडा आतून साफ केल्या. एक टोक साच्यात धरून, न तापवता, दाबाने त्याला शंकूसारखे डोके काढले. मग दोन्ही नट ओवले आणि त्यानंतरच दुसरे डोके काढले. कारण डोके झाल्यावर नट आत जात नाही. जुनी नळी शेजारी ठेवून एकेक वळण हाताच्या यंत्रावर दिले. नळी आतून डिझेलने धुतली, हवेने फुंकली, नोझल तपासण्याच्या हातपंपावर दाब देऊन पारखली आणि दोन्ही टोकांना टोप्या घालून माझ्या हाती दिली. मजुरी एका टायरच्या किमतीहून कमी झाली. गॅरेजमध्ये मिस्त्रींनी नोझलकडील नट सैल ठेवून स्टार्टर फिरवला, बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल येऊ लागल्यावर एकेक नट कसला आणि नळ्यांना नवा क्लॅम्प बसविला. इंजिन चारही सिलिंडरांवर चालू झाले. तपासणी पार पडली आणि शाळेचा निधी शाळेकडेच राहिला.

ज्यांच्याकडे अशी जुनी यंत्रे आहेत त्यांना एवढेच सांगावेसे वाटते. नळी शोधायला निघताना इंजिनाचा क्रमांक आणि पंपावरील पट्टीवरचा मजकूर लिहून न्यावा, चारही नळ्यांचे जागेवरच छायाचित्र काढावे, आणि फुटलेली नळी कितीही निरुपयोगी दिसली तरी जपून ठेवावी. नव्या नळीचे माप तिच्याचपाशी असते. ती गेली की कुशल कारागिरालाही अंदाजाने काम करावे लागते. आणि असे कारागीरही आता थोडे राहिले आहेत. मी भेटलो त्यांच्या हाताखाली शिकणारा कोणी नव्हता. आपल्या धर्मग्रामांतील दहावीनंतर काय करावे या विवंचनेत असलेल्या मुलांना पालकांनी एकदा तरी असा कारखाना दाखवावा. आमच्या किनाऱ्यावरच्या बोटींना त्या हातांची गरज आमच्या मोटारीपेक्षाही अधिक काळ लागणार आहे.