पाऊण इंचाचा भरवसा

पंचगंगेकाठच्या कुरुंदवाडात घर बांधायला निघालेला माणूस आधी विचारतो, "२०१९ च्या पुराचं पाणी इथं कुठवर आलं होतं?" आगीचं कुणी विचारत नाही. मी मात्र स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी सेंट्रिंगवर चढून सळयांच्या जाळीखाली बोट घालून बघतो. जाळी पत्र्याला टेकलेली दिसली, तर काम थांबवायचं, हा माझा नेम आहे.

हा नेम मला भट्टीच्या परीक्षेनं शिकवला. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत इमारतींच्या आगीचा अभ्यास चालतो. अशा चाचणीत स्लॅबचा नमुना भट्टीवर झाकणासारखा ठेवतात. वर भार, खाली ज्वाळा. प्रमाणित चाचणीत तासाभरात भट्टी ९४५ अंशांवर जाते, दोन तासांत १०४९ वर. स्लॅबनं भार पेलायचा, भेगेतून ज्वाळ वर येऊ द्यायची नाही आणि वरच्या अंगाचं तापमान सरासरी १४० अंशांपेक्षा जास्त चढू द्यायचं नाही. कारण तिथं माणसं असतात.

साडेपाचशे-सहाशे अंशांना पोलादाची निम्मी ताकद जाते. काँक्रीट मात्र उष्णता सावकाश आत सोडतं. सळईखालचा तो थर, साइटवरचं 'कव्हर', सळईला वेळ मिळवून देतो. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस ४५६ प्रमाणे, स्लॅबला तासाभरासाठी २० मिलिमीटर, म्हणजे साधारण पाऊण इंच. दोन्ही टोकांना नुसत्या टेकलेल्या स्लॅबला दोन तासांसाठी ३५.

इंग्लंडात कार्डिंग्टनला १९९५-९६ मध्ये आठ मजली पोलादी इमारतीतच आगी लावून पाहिल्या. उघड्या तुळया वाकल्या, पण इमारत उभी राहिली. खचलेला स्लॅब आतल्या जाळीच्या जोरावर झोळीसारखा ताणला गेला आणि त्यानं भार धरून ठेवला. तेव्हापासून जाळी बांधणाऱ्या हातांबद्दलचा माझा आदर वाढला.

आग काही इंग्लंडातल्या प्रयोगापुरती नाही. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्याकडं जुनी घरं तपासताना दिसतं, की कव्हर पातळ असलं तिथं ओल सळईपर्यंत मुरते, गंज फुगतो आणि काँक्रीटची खपली पडते. पाण्यानं उघडी पाडलेली ती सळई आगीपुढंही उघडीच. दोघांपासून राखणारं कवच एकच आहे.

पूर येण्याआधी धरणाच्या विसर्गाचे आकडे येतात, भांडीकुंडी हलवायला सवड मिळते. आग सांगून येत नाही. तेव्हा जिना उतरायला जो वेळ मिळेल, तो आज या जाळीखालीच ठेवावा लागतो.