मामांचं माप

कॉलम भरण्याचा प्रोटोकॉल माझ्या नावाचा असला तरी त्यातली अक्कल मामांची आहे. मामा नात्याचे नव्हेत. पुण्याजवळच्या ज्या बायोफार्मा कारखान्यात मी एम.टेक. करून लागले, तिथले ते सगळ्यांत जुने ऑपरेटर. ते मला मॅडम म्हणत, मी त्यांना मामा.

आमचं काम अँटिबॉडी शुद्ध करण्याचं. कॉलम म्हणजे उभं नळकांडं, आत मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासचे अ‍ॅगारोजचे मणी. ते एकसारखे बसले नाहीत तर द्रव सोयीची वाट धरतो आणि सोन्याच्या भावाचं प्रोटीन-ए रेझिन, म्हणजे हेच मणी, पुरतं वापरलंच जात नाही. तेव्हा पॅकिंग, म्हणजे मणी दाबून बसवणं, दाबावर चालायचं: ठरलेला दाब आला की थांबा. अरुंद कॉलममध्ये हे खपतं, कारण भिंतच मण्यांना आधार देते. रुंद कॉलममध्ये मधल्या मण्यांना तो मिळत नाही. त्यात द्रव गार असला की जास्त दाटपणे वाहतो, दाब लवकर चढतो. म्हणजे थंडीतल्या पहाटे भरलेला कॉलम ढिला. वरच्या मजल्यावर मात्र निदान ठरलेलं: रेझिनचा लॉट खराब.

मामा म्हणाले, "मॅडम, पायली हलवली की धान्य बसतं. किती बसलं हे कळायला आधी किती होतं ते नको बघायला?" स्लरीचा, म्हणजे द्रवात कालवलेल्या मण्यांचा, नमुना मोजपात्रात ओतून ते रात्रभर ठेवत, कुणी टेबलाला धक्का दिला तर चिडत. सकाळी आपसूक बसलेल्या रेझिनची पातळी वाचायची आणि त्यावरून किती दाबायचं ते ठरवायचं. नुसतं बसलेलं रेझिन कॉलमात 23 सेंटीमीटर भरणार असेल आणि आकुंचनाचा गुणक 1.15 असेल, तर बेड, म्हणजे मण्यांचा थर, 20 वर आणून थांबायचं. दाबाने फक्त मर्यादा ओलांडू नये. रेझिनच्या पुस्तिकेत हे छापलेलं असतं. पण पुस्तिका कपाटात असते आणि मामा कॉलमपाशी.

स्पिरिट लेव्हल लावल्याशिवाय ते स्लरी ओतू देत नसत. चुंबकी ढवळणीवर तर बंदीच, ती मणी भरडते. शेवटी अ‍ॅसिटोनचा लहानसा डोस सोडून शिखर बघायचं: दोन्ही बाजू सारख्या उतरल्या, असिमेट्री 1 च्या जवळ आली, की मामा चहाला जात.

त्या शिखराच्या रुंदीवरून आम्ही 'प्लेट' मोजतो, म्हणजे कॉलम किती चांगला भरलाय ते. ही कल्पना मार्टिन आणि सिंज यांनी 1941 साली ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यांकडून उसनी घेतली; दोघं लीड्सच्या लोकर संशोधन संस्थेत होते, 1952 चं नोबेल त्यांना मिळालं. शास्त्रात उसनवारी चालते, पण तिथे संदर्भ देतात. आमच्या प्रोटोकॉलच्या नमुन्यात ऑपरेटरच्या नावाला रकानाच नव्हता. मी तो घालायचं म्हटलं, तर मामा म्हणाले, "नाव राहू द्या. दुसऱ्या पाळीला मोठं मोजपात्र तेवढं द्या." ते मात्र मी खरेदी विभागाशी भांडून आणलं.